‘आवाजच नाही’ म्हणणाऱ्यांसाठी: बोला दे निएवे

काळी चार:

काल इथे ‘उगाच डोक्यावर घेतलेले गायक’ अशी एक यादी आली, त्यात सातव्या नंबरवर क्यूबाचा पियानो वाजवत गाणारा बोला दे निएवे. खाली दोनच ओळी. एक, याला आवाजच नाही, पियानोवर बसून नुसते चाळे. दोन, क्यूबाच्या सरकारनं मोठा केला म्हणून मोठा झाला. रात्री झोपताना वाचलं आणि झोपच उडाली माझी, म्हणून आता डबे भरून झाल्यावर लिहायला बसलेय. लांबण लागणार आहे, आधीच सांगते.

दुसऱ्या ओळीचं आधी उरकते कारण ती सरळसरळ चूक आहे. क्यूबात क्रांती झाली १९५९ ला. हा माणूस १९३३ ला मेक्सिकोत गात होता, १९३६ ला ब्युनोस आयर्सला, १९४८ ला न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये. कार्नेगी हॉलच्या वेळी फिडेल कास्त्रो हवानात वकिली शिकत होता. मग कुठलं सरकार मोठं करत होतं याला?

आता आवाज. हा शोध तुम्ही लावलेला नाही हो, तो स्वतःच आयुष्यभर सांगत होता. त्याला ऑपेरा गायचा होता, पण माझा आवाज पडला आंबेवाल्याचा, म्हणून पियानोपाशी बसून फळंच विकायला लागलो, अशा अर्थाचं तो म्हणायचा. मला हे वाचलं की आमच्या लहानपणी दुपारी गल्लीत येणारा आंबेवाला आठवतो. घासलेला, फाटका आवाज, पण तिसऱ्या मजल्यावर झोपलेल्या माणसाला प्रत्येक अक्षर कळायचं, आणि हापूस आहे की पायरी हे त्याच्या ओरडण्याच्या लयीवरूनच आजी सांगायची.

खरं नाव इग्नासिओ विया. जन्म ११ सप्टेंबर १९११, हवानाच्या खाडीपलीकडचं ग्वानाबाकोआ. वडील आचारी, आई गोष्टी सांगणारी, नाचणारी, घरात रुंबा, आजूबाजूला सांतेरियाचे, म्हणजे क्यूबातल्या आफ्रिकी मुळाच्या धर्माचे ढोल. याच गावात आधी संगीतकार एर्नेस्तो लेकुओना जन्मला (१८९५) आणि गायिका रिता मोंतानेर (१९००), म्हणजे त्या काळच्या क्यूबाच्या संगीतातली तीन मोठी नावं एका गावातली. पोरगा कॉन्झर्व्हेटरीत, म्हणजे संगीतशाळेत शिकला आणि गावच्या थिएटरात मूकपटांना पियानो वाजवायला लागला. पडद्यावर पाठलाग असला की बोटं पळवायची, रडारड असली की आवरायची, आणि नजर सतत पडद्यावर, पट्ट्यांवर नाही. माझं ठाम मत आहे की त्याचं गाणं तिथे घडलं. मग बोलपट आले. शिक्षक व्हायचं म्हणून प्रवेश घेतला होता तर १९३० ला माचादोच्या हुकूमशाहीत त्या संस्थाच बंद झाल्या. तेव्हा हॉटेलं, कॅबरे, आणि शेवटी रिताचा साथीदार म्हणून मेक्सिको. तिथे एका रात्री रिता गाऊ शकली नाही आणि थिएटर भरलेलं. साथीदाराला ढकललं पुढे. पुढचं सगळं त्या रात्रीनंतरचं.

आता कृपा करून एकदा त्याचं स्वतःचं ‘आय आमोर’ ऐका, पण हेडफोन लावून. पियानो दोन स्वर टाकतो आणि थांबतो. हा बोलतो. गात नाही, शेजारी बसल्यासारखा बोलतोच, आणि शब्दाचं शेवटचं अक्षर सोडून देतो, ते पियानो उचलतो. पुढच्या ओळीत उलट, पियानो प्रश्न अर्धा ठेवतो आणि हा नुसत्या श्वासानं तो पूर्ण करतो. गळा एक आणि हात दुसरा असं नाहीच तिथे. लावा तोलून, गायक किती आणि वादक किती, मला तरी जमलेलं नाही. आंद्रेस सेगोव्हियासारखा गिटारवाला म्हणायचा की बोलाला ऐकताना शब्द आणि संगीत एकत्रच जन्माला येताना बघतोय असं वाटतं. सेगोव्हिया, बरं का, कुणी गल्लीतला नाही.

चाळे म्हणे!


स्पष्टवक्ता:

मीच तो यादीवाला. ताई, तुमचा राग कळला पण रागानं सूर लागत नाही.

दुसऱ्या ओळीबद्दल तारखा तुमच्या बरोबर असतील, ती ओळ घाईत लिहिली, सोडून देतो. पहिली नाही सोडणार. मी चौदा वर्षं किराणा घराण्याचं गाणं शिकलोय. पहिली तीन वर्षं गुरुजींनी नुसता षड्ज लावून घेतला, पहाटे पाचला, थंडीत, खर्ज. तेव्हा कुठे ‘सा’ म्हणजे काय ते कळलं. आणि आता कुणीही उठतं आणि म्हणतं आवाज नाही पण भाव आहे, सूर नाही पण सांगणं आहे. अहो भाव काय आकाशातून पडतो? तो स्वरातूनच येतो. स्वर फाटका असेल तर जे उरतं त्याला अभिनय म्हणतात, गाणं नाही. मी तुम्ही सांगितलेलं ‘आय आमोर’ परत ऐकलं, दोनदा, वरच्या स्वराला आवाज कसा घासतोय ऐका, त्या जागी कुणीही शिकलेला माणूस खालची पट्टी घेईल.

आणि दुसरं जे यादीत लिहिलं नव्हतं ते आता लिहितो. त्याची ती गमतीची गाणी. काळ्या माणसाची मोडकीतोडकी स्पॅनिश, डोळे फिरवणं, दात काढून हसणं, आणि समोर फ्रॅक घातलेले गोरे श्रीमंत. स्वतःच्याच लोकांची नक्कल करून पैसे मिळवले. नावही तसलंच, काळ्याकुट्ट माणसाला ‘बर्फाचा गोळा’. यात मोठं काय आहे ते समजवा.


स्पॅनिशची मास्तरीण:

मला मध्ये पडावंच लागतंय. आधी उच्चार, ‘निएवे’ मधला व स्पॅनिशमध्ये आपल्या ब आणि व च्या मधला आहे, पण असू दे, मीही निएवेच लिहिते.

स्पष्टवक्ता, ती मोडकी स्पॅनिश म्हणताय तिला तिकडे बोसाल म्हणतात, आफ्रिकेतून धरून आणलेल्या गुलामांची बोली. मेक्सिकोत त्या पहिल्या रात्री बोलाने जे गायलं ते ‘तू नो साबे इंग्ले’, शब्द निकोलास गियेनचे. गियेन स्वतः आफ्रिकी रक्ताचा, आणि त्या कविता त्यानं १९३० ला हवानाच्या काळ्या वस्तीच्या बोलीत लिहिल्या. गाण्यात व्हितो मानुए नावाचा पोरगा आहे, इंग्रजी येतं म्हणून मिरवतो आणि येतं काय तर बेसबॉलमधले दोन शब्द. ही चेष्टा घरातली आहे हो. आपल्याकडे मालवणी माणूस मालवणीत मालवणी माणसाची खेचतो तेव्हा आपण त्याला नक्कल म्हणतो का?

पण, आणि हे मी मनापासून लिहितेय, तुमचा प्रश्न पूर्ण चुकीचा नाही. रिता मोंतानेर स्वतः मिश्र रक्ताची, १९२७ ला हवानाच्या रेहिना थिएटरात तोंडाला काळं फासून काळ्या गाडीवानाचं काम केलं तिनं आणि त्याच्यावर गाजली. तेच वातावरण होतं. बोला काय म्हणून गात होता आणि पहिल्या रांगेतला माणूस कशाला हसत होता या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात. पण मग ‘द्रुमे नेग्रिता’ ऐका, त्याच बोलीतलं अंगाईगीत आहे. तिथे कोण हसतंय? मी वर्गात लावलं होतं, तिसऱ्या लेव्हलची मुलं, सगळं व्याकरण चुकीचं आहे त्यात, एकानेही चूक काढली नाही.

नावाचं म्हणाल तर गावात आधीच चिकटलं होतं की रितानं दिलं, दोन्ही कथा सांगतात. पक्कं केलं ते मेक्सिकोच्या पोस्टरनं. मला स्वतःला शाळेत सात वर्षं ‘कोळशी’ म्हणायचे. अजून एक मैत्रीण प्रेमानं म्हणते. मी ओ देते. आवडतं असं नाही. त्यामुळे तो त्या नावानं स्टेजवर कसा गेला असेल यावर मी इथे बसून निकाल देणार नाही.


पेटीमास्तर:

सगळं वाचलं. मला बाकीचं माहीत नाही, हा गायक मी आज पहिल्यांदा ऐकला. पण ताईंनी एक वाक्य लिहिलं आणि पुढे निघून गेल्या, साथीदाराला ढकललं पुढे. तिथेच माझी गाडी अडकली.

१९९४ साल. गणपतीतला कार्यक्रम, तालुक्याचं गाव, मांडवात पंखे असे घरघरत होते की तबल्याची शाई ऐकू येईना. बाईंचा घसा सकाळपासूनच बसलेला. मध्यंतराच्या आधी त्या वळून म्हणाल्या, मास्तर, तुम्ही एखादं पद म्हणा, तोवर मी कोमट पाणी घेते. मी म्हटलं एक नाट्यपद. माझा आवाजही काही नाही, स्पष्टवक्ता साहेब, तुमच्या भाषेत फाटकाच. पण लोकांनी ते परत मागितलं. परत म्हटलं. मागितलं म्हणून म्हटलं. परतताना जीपमध्ये दोन तास बाई एक अक्षर बोलल्या नाहीत. मानधनाचं पाकीट हातात, २५० रुपये, आणि पुढच्या महिन्यापासून दुसरा पेटीवाला.

त्या कार्यक्रमाचा बॅनर माझ्या डोळ्यांसमोर आहे अजून. बाईंचं नाव हातभर, प्रायोजकाचं नाव वीतभर, आणि खाली ‘आणि सहकारी’. तीस वर्षं मी ‘आणि सहकारी’ आहे. आणि तिकडे मेक्सिकोत ती बाई पोस्टरवर साथीदाराचं नाव छापते. कसलं का असेना, टोपणनाव का असेना, छापलं. यावर कुणी काही बोलणार आहे का?


मडगांवकार:

मास्तर, मी बोलतो. आमच्या वाड्यावर एक अंकल होते, मुंबईला एका मोठ्या हॉटेलच्या बँडमध्ये तीस वर्षं पियानो. गोव्याच्या चर्चच्या शाळेत नोटेशन शिकलेले, कागद समोर ठेवला की काहीही वाजवायचे. त्यांच्याकडून मी ते क्यूबाचं शेंगदाणेवाल्याचं गाणं पहिल्यांदा ऐकलं, ‘एल मानिसेरो’, मोइसेस सिमोन्सचं. न्यूयॉर्कला १९३० ला रेकॉर्ड झालं आणि जगभर पोचलं, मुंबईच्या हॉटेलांपर्यंत. अंकल ते धडाधड वाजवायचे, नाचायला. खूप वर्षांनी बोलाचं ऐकलं तर तो त्यातला शेंगदाणेवाला रस्त्यानं येतो, समोरून जातो आणि लांब निघून जातो, शेवटी आवाज इतका बारीक होतो की आपण खिडकीतून वाकून बघावं. एकटा माणूस आणि एक पियानो.

पण मुद्दा अंकलचा. ते सिनेमाच्या गाण्यांतही वाजवायचे. सेबॅस्टियन डिसोझा हे नाव किती जणांना माहीत आहे इथे? शंकर-जयकिशनच्या गाण्यांचे ॲरेंजर. ते व्हायोलिनचे थवे ज्यांनी कागदावर लिहिले ते. पडद्यावर नाव कुणाचं मोठं यायचं? अंकलचं तर कुठेच नाही. त्यांच्या मयताला चर्चमध्ये आम्ही नऊ जण होतो.


स्पष्टवक्ता:

हे जरा हाताबाहेर चाललंय. साथ म्हणजे साथ. साथीदारानं गायकाच्या मागे राहायचं ही शिस्त आहे, अन्याय नाही. पेटीवाला मध्येच हरकती घ्यायला लागला तर गायकाचा ख्याल मोडतो. मास्तर, माफ करा, पण बाईंनी एक पद म्हणा सांगितलं, तुम्ही दुसऱ्यांदा म्हटलंत. मैफल त्यांची होती.


पेटीमास्तर:

लोकांनी मागितलं!! बाई समोर बसून पाणी पीत होत्या, हात करून थांबवलं असतं तर मी थांबलो असतो. शिस्त मला शिकवू नका, मी गायकाच्या श्वासावर भाता सोडतो, खोकला आला तर तो झाकायला जागा भरतो, चुकीच्या जागी सम आली तर ती माझ्या अंगावर घेतो. हे कुणाला दिसत नाही आणि दिसूही नये, मान्य. पण नाव? नाव छापल्यानं कुणाचा ख्याल मोडतो?

तुम्ही चौदा वर्षं शिकलात ना. तुमच्या गुरुजींबरोबर त्या चौदा वर्षांत पेटीवर कोण बसायचे? नाव सांगा.


वाचनमात्र:

धागा पियानोचा होता, पेटीवर आलाय, संध्याकाळपर्यंत तानपुऱ्याच्या तारांवर जाईल. बाकी चालू द्या, मी जेवायला जातोय, पण स्पष्टवक्ता यांनी उत्तर द्यावं.


हडसनकाठची:

मी न्यूजर्सीत युनियन सिटीच्या जवळ राहते, इथे क्यूबातून निघून आलेल्यांची वस्ती साठच्या दशकापासून आहे. खालच्या मजल्यावरची आजी १९६७ ला दोन पोरं आणि एक सूटकेस घेऊन आलेली. त्यामुळे मला दुसऱ्या ओळीवर परत यायचंय जी तुम्ही सगळ्यांनी दोन मिनिटांत उरकली.

काळी चार, सरकारनं मोठा केला नाही हे खरं. पण सरकारनं ठेवून घेतला हेही खरं ना? सेलिया क्रूस १९६० ला बाहेर पडली, १९६२ ला तिची आई वारली तर अंत्यसंस्काराला येऊ दिलं नाही. लेकुओना, ज्यानं याला मेक्सिकोहून परत क्यूबात आणलं, तो गेला १९६० ला आणि १९६३ ला तेनेरिफेत मेला, न्यूयॉर्कजवळ पुरलाय, कास्त्रोचं राज्य असेपर्यंत क्यूबात नेऊ नका असं सांगून. आणि बोला? तो राहिला. १९६५ ला त्याच्यासाठी हवानात वेदादोमध्ये हॉटेल नासियोनालच्या समोर मोन्सेन्योर रेस्टॉरंटात पियानो, ‘शे बोला’ (म्हणजे ‘बोलाकडे’) अशी पाटी, परदेश दौरे. त्याच १९६५ ला उमाप नावाच्या छावण्या सुरू झाल्या, समलिंगी पुरुष, पाद्री, यहोवाचे साक्षीदार, लांब केसवाले, उचलून ऊस तोडायला. बोला कोण होता हे सगळ्या हवानाला माहीत होतं. त्याला कुणी हात लावला नाही. आजीचा धाकटा भाऊ छावणीत होता. ती म्हणते, तो रात्री मेणबत्तीच्या उजेडात परदेशी पाहुण्यांना प्रेमाची गाणी म्हणत होता तेव्हा माझा भाऊ काय करत होता विचार.

मी एकदा तिच्याकडे भाजी द्यायला गेले होते, फोनवर ‘द्रुमे नेग्रिता’ चालू होतं माझ्या. ती म्हणाली बंद कर. मी बंद केलं. अर्ध्या मिनिटानं म्हणाली, शेवट राहिला की. मग परत लावलं, शेवटपर्यंत ऐकलं तिनं, उभ्यानंच, हातात डबा. आणि म्हणाली आता पुन्हा माझ्या घरात नको.


काळी चार:

हडसनकाठची, तुमचं वाचून मी बराच वेळ काही लिहिलं नाही.

आजींना मी काय सांगणार. त्यांचा भाऊ होता. पण माझा एक प्रश्न आहे आणि तो मी भांडायला विचारत नाही. १९७१ च्या एप्रिलमध्ये हवानात शिक्षण आणि संस्कृतीची राष्ट्रीय परिषद झाली. त्यात ठराव झाला की समलिंगी लोकांना तरुणांवर प्रभाव पडेल अशा कामात ठेवू नये, आणि ज्यांचं नैतिक वर्तन क्रांतीला शोभत नाही त्यांनी देशाचं कलेत प्रतिनिधित्व परदेशात करू नये. हे छापील आहे. २ ऑक्टोबर १९७१ ला बोला मेक्सिको सिटीत मेला, पेरूला निघाला होता, तिथली गायिका चाबूका ग्रांदा हिच्याकडे, ६० वर्षांचा, मधुमेह, दमा, हृदय थकलेलं. त्या मधल्या पाच महिन्यांत तो वर्तमानपत्र वाचत होता ना? त्याला कळलं नसेल की हे आपल्याबद्दल आहे? त्यानं क्रांतीची बाजू सोडली नाही हे खरं, सोडायला हवी होती का ते मला ठरवता येत नाही. पण काळा, समलिंगी, आचाऱ्याचा मुलगा, फ्रॅक घालून हसत बसलाय, आणि ‘वेते दे मी’ म्हणतोय, माझ्यापासून निघून जा असं सांगणारं गाणं, एक्स्पोसितो बंधूंचं, जवळजवळ कुजबुजत. ते गाणं मी ‘सुखात राहिलेल्या माणसाचं’ म्हणून ऐकू शकत नाही.

त्याला परत आणून ग्वानाबाकोआतच पुरलं. रिता तर त्याआधीच गेली होती, १९५८ ला, घशाच्या कॅन्सरनं. स्पष्टवक्ता, क्यूबातला सगळ्यात नावाजलेला आवाज होता तो, बरं का. घशानंच दगा दिला.


हडसनकाठची:

ठराव मला माहीत नव्हता. आजीला सांगणार नाही, ती म्हणेल मग तरी का राहिला. आणि माझ्याकडे उत्तर नाहीये. तुमच्याकडेही नाहीये. ते तेवढं मान्य करा म्हणजे झालं.


काळी चार:

मान्य.


स्पॅनिशची मास्तरीण:

एक जोडते. तो स्पॅनिश, फ्रेंच, इंग्रजी, इटालियन, पोर्तुगीज, कॅटलानमध्ये गायचा, आणि प्रत्येक भाषेत उच्चार त्याचाच राहायचा. फ्रेंच गाणं ऐकलंत तर पॅरिसचं वाटत नाही, ग्वानाबाकोआचा माणूस पॅरिसला पत्र लिहितोय असं वाटतं. मी विद्यार्थ्यांना उच्चारावरून झापणारी बाई, पण इथे मला दुरुस्त करावंसं वाटत नाही, आणि याचं कारण मला अजून सापडलेलं नाही.


स्पष्टवक्ता:

दोन दिवसांनी लिहितोय. मास्तरांनी नाव विचारलं होतं.

मला आठवलं नाही. चौदा वर्षं आठवड्यातून दोनदा तो माणूस माझ्या समोर तीन फुटांवर बसायचा. पांढरा लेंगा, डाव्या मनगटावर घड्याळ उलटं बांधायचे, भात्यावर घासू नये म्हणून. चहात साखर नको म्हणायचे. सगळं आठवतं, नाव नाही. आम्ही ‘मास्तर’च म्हणायचो. शेवटी गुरुजींच्या सूनबाईंना फोन केला. त्यांनाही आडनावच माहीत होतं, मग त्यांनी जुनी वही काढून सांगितलं. नाव इथे टाकत नाही, त्यांच्या मुलाला आधी फोन करीन.

याचा अर्थ तुमचं सगळं पटलं असा नाही. शिस्तीचं माझं मत तेच आहे. बोला दे निएवेला मी गायक म्हणणार नाही, आजही नाही, वरचा स्वर त्याचा घासतोच. पण काल रात्री ‘वेते दे मी’ लावलं, खोट काढायला म्हणूनच लावलं होतं, आणि दुसऱ्या कडव्यापर्यंत मी स्वर बघायचा विसरलो. विसरलो हे लक्षात आल्यावर चिडून परत पहिल्यापासून लावलं. परत तेच झालं. ‘चाळे’ हा शब्द मागे घेतो. यादीतून नाव काढत नाही, यादी माझी आहे.


काळी चार:

ठेवा यादीत. शब्द मागे घेतलात तेवढं पुरे, तुमच्याकडून एवढंही येईल असं वाटलं नव्हतं मला.


पेटीमास्तर:

साहेब, त्यांच्या मुलाला फोन जरूर करा, आणि वडिलांची पेटी कुठे आहे तेही विचारा. असल्या पेट्या भंगारात जातात.

आता मलाही एक सांगायचंय कारण दोन दिवस टोचतंय. माझ्या क्लासचा वार्षिक कार्यक्रम होतो, गेली अकरा वर्षं. पत्रिकेवर माझं नाव असतं. तबल्याला जो मुलगा बसतो त्याचं नाव मी एकदाही छापलेलं नाही. जागा नसते असं सांगत आलो. जागा असते.

असो. ताई, कामाचा प्रश्न. ते अंगाईगीत मी पेटीवर बसवायला घेतलंय. उजव्या हाताचं जमलं. पण त्याचा डावा हात झुलवत असतो ना खाली, पाळण्यासारखा, ते कसं आणू? माझा डावा हात भात्यावर.


काळी चार:

पायपेटी काढा मास्तर! नाटकवाल्यांची. दोन्ही हात मोकळे.


पेटीमास्तर:

आहे, माळ्यावर, वडिलांची. भाता फाटलाय आणि उंदरांनी डाव्या पायाचा पट्टा खाल्लाय. पुण्यात पायपेटी दुरुस्त करणारं कुणी उरलंय का?


मडगांवकार:

पुण्याचं माहीत नाही. आमच्याकडे चर्चच्या जुन्या ऑर्गनचे भाते शिवणारा एक म्हातारा आहे, कातडं तो स्वतः निवडतो. फोटो पाठवा, मी रविवारी दाखवतो त्याला.